दाढेत काय भरायचं : चांदी, सिमेंट की लाईटचं?

गेल्या महिन्यात एक ताई चिठ्ठी घेऊन आल्या. चार घरची धुणीभांडी उरकून घरी जाताना वाट वाकडी करून आल्या होत्या. चिठ्ठी त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीची. जवळच्या एका खासगी दवाखान्यात मुलीची खालची डावी दाढ दाखवली होती. डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन ओळी लिहून दिल्या होत्या. वर ‘जीआयसी’ आणि त्यापुढे एक आकडा, खाली ‘कॉम्पोझिट’ आणि त्यापुढे जवळजवळ तिप्पट आकडा. “घरी विचार करून सांगा,” एवढंच बोलले होते.

ताई म्हणाल्या, “डॉक्टर, विचार काय करायचा तेच कळंना. स्वस्तातलं म्हणजे नकली असतं का? का महागाचं उगाच गळ्यात मारतायत? आणि शेजारीण म्हणती, दुधाचीच दाढ असंल, काढून टाक, दुसरी येतीय.”

आधी शेजारणीच्या सल्ल्याचं बघू. मुलीची ती दाढ दुधाची नव्हती. मूल सहा-सात वर्षांचं झालं की दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ उगवते. वर दोन, खाली दोन, अशा चार. आधीचा कोणताही दात न पडता ती येते, म्हणून घरच्यांना वाटतं हीपण दुधाचीच. पण ती कायमची असते. चावायचा मोठा भार आयुष्यभर हीच दाढ उचलते आणि कायमच्या दातांपैकी सगळ्यात जास्त किडतेही हीच. ती काढली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. मागची दाढ त्या मोकळ्या जागेत कलंडते, वरची खाली उतरते, आणि काही वर्षांनी त्या बाजूने नीट चावताच येत नाही. म्हणून ‘काढून टाक’ हा पर्याय आम्ही पहिल्यांदा खोडला. राहिले चिठ्ठीवरचे दोन. तिसरा एक चिठ्ठीवर नव्हता, पण ताईंच्या स्वतःच्या तोंडात होता : चांदी.

हे तीन मसाले काय आहेत, कुठे कोणता चालतो आणि कुठे पैसे वाया जातात, ते आज नीट बघू.

कीड कुठपर्यंत गेली, ते आधी

दाताचं बाहेरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल. शरीरात त्याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही, पण आम्लापुढे त्याचं काही चालत नाही. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. गोड चहा, चहात बुडवलेलं बिस्कीट, पाच रुपयांचा पुडा, चॉकलेट, कशानेही हेच होतं. दर खाण्यामागे साधारण वीस-तीस मिनिटं आम्लाचा मारा चालतो, मग लाळ ते हळूहळू धुऊन काढते. दिवसात तीन-चारदा खाल्लं तर लाळ निभावून नेते. पोर दिवसभर थोडं थोडं गोड चघळत राहिलं तर लाळेला सवडच मिळत नाही. कवचाला भोक पडलं की खाली डेंटिन नावाचा मऊ थर लागतो आणि तिथे कीड आडवी पसरते. वरून टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका आणि आत हरभरा मावेल एवढी पोकळी, हे आम्ही रोज बघतो. त्याच्याही आत दाताची नस असते.

कीड म्हणजे अळी नव्हे. भुईरिंगणीच्या बियांचा धूर तोंडात घ्यायला लावून कापसावर ‘किडे’ पाडून दाखवणारे अजून काही ठिकाणी फिरतात. दात किडवणारे जंतू नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत, मग कापसावर काय पडलं, तुम्हीच ठरवा.

थंड किंवा गोड लागून झिणझिणतं आणि लगेच थांबतं, तोवर दाढ नुसती भरून भागण्याची शक्यता चांगली असते. रात्रीची झोप उडवणारी ठणक, गरम घोट घेतल्यावर बराच वेळ राहणारी कळ, हिरडीवर पुळी, गालावर सूज, यातलं काही असेल तर कीड नसेपर्यंत पोचली असं समजा. मग वर कोणताही मसाला भरा, आतलं दुखणं थांबत नाही. रूट कॅनॉल करावं लागतं, नाहीतर दाढ जाते. रूट कॅनॉल आणि त्यावरची टोपी यांचा खर्च साध्या भरण्याच्या कितीतरी पट. ‘दुखत तर नाही, मग कशाला जायचं’ हे आपल्या घरांत सर्रास ऐकू येतं. पण दाढ भरून घ्यायची खरी वेळ ती दुखत नसतानाचीच असते.

चांदी

चाळिशीच्या पुढच्या पुष्कळ जणांच्या दाढांत राखाडी-काळपट भराव दिसतो. आपण त्याला चांदी म्हणतो, दवाखान्यात अमाल्गम म्हणतात. त्यात चांदी असते खरी, सोबत कथील, तांबं, कधी थोडं जस्त. पण वजनाने जवळजवळ निम्मा असतो पारा. पाऱ्यात या धातूंची भुकटी घोटली की मऊ गोळा होतो, खड्ड्यात दाबून बसवता येतो आणि पुढे दगडासारखा घट्ट होतो. पूर्वी डॉक्टर छोट्या खलात तो घोटत आणि जास्तीचा पारा कापडातून पिळून काढत. नंतर बंद कॅप्सूल आल्या.

याचा वाद जुना आहे. १८३०च्या दशकात हा मसाला अमेरिकेत पोचला, तेव्हा तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने पुढच्या दशकात सभासदांकडून ‘आम्ही अमाल्गम वापरणार नाही’ असं लिहून घ्यायला सुरुवात केली. पाऱ्याची भीती होतीच, पण सोन्याचा महागडा भराव करणाऱ्यांना हा स्वस्त मसाला धंद्यात आडवा येत होता, हेही तितकंच खरं. शेवटी ती संघटनाच मोडली आणि अमाल्गम राहिलं. १८९५च्या सुमारास जी. व्ही. ब्लॅक यांनी धातूंचं प्रमाण नीट बसवून दिलं आणि पुढे शंभर वर्षं गरिबाची दाढ बहुतेक करून चांदीनेच वाचवली.

चांदीचे गुण साधे आहेत. स्वस्त, लवकर होणारी, चावण्याचा मार सोसणारी. भरताना थोडी लाळ लागली तरी फार बिघडत नाही. नीट भरलेली चांदी पंधरा-वीस वर्षं टिकलेली मी कितीतरी तोंडांत पाहिली आहे. दोष असा की ती दाताला चिकटत नाही, नुसती अडकून बसते. म्हणून खड्डा मडक्यासारखा करावा लागतो, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. त्यासाठी थोडा चांगला दातही कोरावा लागतो. मोठ्या भरावात दाढेच्या उरलेल्या भिंती पातळ होतात आणि काही वर्षांनी तडकतात. रंगाचा दोष तर उघडच आहे.

आता पारा. मध्यंतरी एक काकू घाबऱ्याघुबऱ्या आल्या. तोंडात वीस वर्षांपूर्वीच्या पाच चांद्या. मोबाईलवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता की चांदीतला पारा मेंदूत जातो, गुडघे त्यानेच दुखतात, विसरायला त्यानेच होतं. एका ठिकाणी पाचही काढून पांढरं भरायचं ठरवून आल्या होत्या आणि भिशीचे पैसे त्यात घालणार होत्या. मी त्यांचं तोंड तपासलं. पाचही भराव घट्ट, कडा शाबूत, कुठे नवी कीड नाही. त्यांना म्हटलं, काकू, भिशी घरी राहू द्या.

चावताना चांदीतून पाऱ्याची अगदी थोडी वाफ सुटते, हे खरं आहे. पण त्याने सर्वसाधारण माणसाला आजार होतो, असं आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. उलट घट्ट बसलेली चांदी मशीनने कोरून काढताना एकदम जास्त वाफ सुटते आणि सोबत चांगला दातही कापला जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली हेच सांगितलं : गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, मूत्रपिंडाचा किंवा मज्जासंस्थेचा आजार असलेले, पाऱ्याची ॲलर्जी असलेले यांना शक्यतो नवी चांदी भरू नये, पण आधीची चांगली असलेली नुसत्या भीतीपोटी काढू नये. फुटली, हलली, कडेला कीड लागली, तर जरूर बदला.

मग जगभर चांदी बंद का होत चालली आहे? कारण तोंडाबाहेरचं आहे. जपानमधल्या मिनामाता गावात एका कारखान्याने समुद्रात पारायुक्त पाणी सोडलं. माशांतून तो पारा कोळी कुटुंबांच्या पोटात गेला, माणसं लुळी पडली, पोटातली बाळं अपंग जन्मली. १९५६ साली तो आजार पहिल्यांदा अधिकृतपणे नोंदला गेला. दाढेतला पारा आणि त्या माशांतला पारा एकाच रूपातला नाही. पण दवाखान्यातला चांदीचा चुरा गटारात गेला, कचऱ्यात जळला, की त्यातला पाराही पाण्यात उतरतो आणि तिथे त्याचं तेच विषारी रूप होऊ शकतं. नियमाने हा चुरा वेगळ्या बंद डब्यात साठवायला हवा. तो जेव्हा साठवला जात नाही तेव्हा पहिला हात लागतो कचरा वेचणाऱ्यांचा आणि ड्रेनेज साफ करणाऱ्यांचा. ते हात कुठल्या वस्त्यांतले, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्या गावाच्या नावानेच २०१३ साली मिनामाता करार झाला. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. २०२२च्या बैठकीत ठरलं की डॉक्टरांना अगदी गरजेचं वाटल्याशिवाय १५ वर्षांखालच्या मुलांना, गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांना चांदी भरायची नाही. युरोपीय संघाने २०२५ च्या जानेवारीपासून ती जवळजवळ बंदच केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये करारातल्या देशांनी २०३४ पर्यंत जगभरातून चांदीचा वापर थांबवायचं ठरवलं. त्यामुळे आता पुष्कळ दवाखान्यांत चांदी मिळतच नाही आणि ताईंच्या चिठ्ठीवर ती नव्हती यात डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. मुलगी अकरा वर्षांची. तिला ती नकोच.

सिमेंट

चिठ्ठीवरची वरची ओळ, जीआयसी, म्हणजे ग्लास आयोनोमर सिमेंट. आपण नुसतं ‘सिमेंट भरलं’ म्हणतो. घराच्या सिमेंटशी त्याचा संबंध नाही. एका खास काचेची बारीक भुकटी आणि एक आम्लधर्मी द्रव एकत्र घोटून ते करतात. लंडनच्या एका सरकारी प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी १९७० च्या आसपास ते तयार केलं.

त्याची खुबी अशी की ते दाताला स्वतःहून चिकटतं. मडक्यासारखा खड्डा करायला लागत नाही, नुसती कीड साफ केली की पुरतं. शिवाय त्यातून फ्लोराइड हळूहळू झिरपत राहतं, ते आजूबाजूच्या दाताला बळ देतं. फ्लोराइडच्या पेस्टने दात घासले की ते पुन्हा थोडं फ्लोराइड शोषून घेतं.

कमीपणाही आहे. चावण्याच्या भाराखाली ते झिजतं. मोठ्या माणसाच्या दाढेची एक भिंत पडली असेल आणि तिथे नुसतं सिमेंट भरलं तर वर्ष-दोन वर्षांत तुकडा पडलाच म्हणून समजा. भरल्यावर पहिल्या काही मिनिटांत त्याला पाणी लागलं की ते कच्चं राहतं, कोरडं पडलं की चिरा जातात. म्हणून वर व्हॅसलीन किंवा वॉर्निश लावतात. डॉक्टर घाईत विसरले तर आठवण करून द्यायला लाजू नका.

ज्या ठिकाणी सिमेंट उगाच ‘स्वस्तातलं’ म्हणून हिणवलं जातं, तिथेच पुष्कळदा ते सगळ्यात योग्य असतं. दुधाचे दात तर आहेतच. पाच-सहा वर्षांच्या पोराला आ करून अर्धा तास बसवणं हे आईलाही जमत नाही, डॉक्टरला काय जमणार. सिमेंट पटकन होतं आणि दुधाच्या दाताला तीन-चार वर्षंच काढायची असतात. अर्धवट उगवलेल्या दाढेचे खोल खाचखळगे बुजवायला तेच बरं.

दुसरी जागा म्हणजे दाताची मान, हिरडीलगतची. आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या बायका, कोळशाने, विटकरीने किंवा दाबून आडवा ब्रश चालवून दात घासणारे, यांच्या दातांना हिरडीजवळ पाचरीसारखी खाच पडते. हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं आणि गार पाणी प्यालं की कळ मस्तकात जाते. इथे चावण्याचा थेट भार नसतो, खाली इनॅमल नसतं, हिरडीचा ओलावा असतो. अशा जागी सिमेंट चांगलं बसतं. पण मशेरी चालूच राहिली तर सिमेंटच्या कडेने पुन्हा खाच पडते, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच.

तिसरं, शिबिरं. १९८०च्या दशकात टांझानियात काही दंतवैद्यांनी असं सुरू केलं की वीज नाही, मशीन नाही, तर हाताच्या हत्यारांनीच किडका मऊ भाग खरवडून काढायचा आणि सिमेंट दाबून भरायचं. सुई नाही, मशीनचा आवाज नाही, फारसं दुखतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे या पद्धतीचा पुरस्कार केला आणि २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लास आयोनोमर सिमेंट घातलं. तेव्हा शिबिरात कुणी मशीन न लावता दाढ भरली म्हणून ती फसवणूक समजू नका. सिमेंटचेही प्रकार आहेत. दाढेसाठी घट्ट, जास्त ताकदीचं वेगळं मिळतं, तेवढं मात्र विचारा.

आणखी एक गोंधळ होतो. काही ठिकाणी सिमेंटमध्ये चांदीच्या मिश्रधातूची भुकटी घालून भरतात. ते राखाडी दिसतं, म्हणून लोक त्याला चांदी समजतात. त्यात पारा नसतो.

लाईटचं

खालची, तिप्पट आकड्याची ओळ. कॉम्पोझिट. राळेसारख्या प्लास्टिकमध्ये काचेची किंवा सिलिकाची बारीक पूड मिसळलेली असते. रेफेल बोवेन यांनी त्यासाठीची राळ शोधून १९६२ मध्ये पेटंट घेतलं. त्याआधी १९५५ साली मायकल ब्युनोकोर यांनी दाखवलं होतं की दाताला थोडा वेळ आम्ल लावून धुतलं की पृष्ठभाग खरबरीत होतो आणि त्यात राळ पक्की रुतते. आजचं लाईटचं फिलिंग या दोन शोधांवर उभं आहे.

रंग दाताला मिळताजुळता, चांगला दात कमीत कमी कापावा लागतो, आणि सिमेंटपेक्षा कितीतरी मजबूत. पुढच्या दातांना याला तोड नाही. मग दाढेला तेच भरावं असं वाटणारच. पण याचं सगळं यश करणाऱ्याच्या हातात आहे. आम्ल लावा, धुवा, बेताचं सुकवा, चिकटद्रव लावा, लाईट मारा, मग दोन-दोन मिलिमीटरचे थर देत प्रत्येक थराला लाईट. घट्ट होताना हा मसाला किंचित आकसतो. एकदम मोठा गोळा भरून लाईट मारला तर कडेला केसाएवढी फट राहते, तिच्यातून जंतू आत जातात आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या दाढेखाली पुन्हा कीड लागते. मध्ये लाळेचा थेंब जरी आला तरी चिकटणं फसतं. म्हणून चांगले डॉक्टर दाताभोवती रबराचा पडदा लावतात, नाहीतर निदान कापूस सारखा बदलत राहतात. एका दाढेला अर्धा-पाऊण तास लागतो. दहा मिनिटांत ‘लाईटचं’ करून हातात बिल आलं, तर पैसे तिप्पट गेले आणि टिकाऊपणा तिप्पट मिळालाच असं नाही.

(तो निळा प्रकाश लेझर नसतो. ‘लेझरने दात भरला’ असं सांगून पैसे जास्त घेतल्याचं मी ऐकलं आहे.)

मागच्या दाढांत चांदी आणि कॉम्पोझिट यांची तुलना करणारे अभ्यास एकत्र करून ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाहिलं. कॉम्पोझिट निकामी होण्याचं प्रमाण चांदीच्या जवळपास दुप्पट निघालं आणि मोठं कारण होतं भरावाखालची नवी कीड. त्यातले मुख्य अभ्यास जुन्या मसाल्यांवरचे आहेत, आजचे बरेच सुधारले. तरी महाग म्हणून टिकाऊ, हे गणित दाढेच्या बाबतीत बरोबर नाही, एवढं त्यातून घ्यावं.

तोंडात चार-सहा दाढा किडलेल्या, दात घासणं अनियमित, हिरड्यांतून रक्त, अशा वेळी मी स्वतः आधी सिमेंटने सगळे खड्डे बंद करतो, तोंड स्वच्छ करून घेतो आणि सहा महिन्यांनी बघून मग लाईटचं कुठे हवं ते ठरवतो. कधी खाली सिमेंटचा थर आणि वर कॉम्पोझिट असंही करतात, खोल खड्ड्यात ते चांगलं.

दुखायचं थांबलं आणि विसरलो

चौथा मसाला कुणी मोजत नाही, पण वस्तीतल्या तोंडांत तो जास्त सापडतो. झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या तेलातलं युजेनॉल. पांढरट, लवंगेचा वास येणारा, ठणक शांत करणारा. हा तात्पुरता असतो. डॉक्टर सांगतात, पंधरा दिवसांनी या. दाढ दुखायची थांबते, कामाचा खाडा परवडत नाही, पंधरा दिवसांचे सहा महिने होतात. मसाला झिजून जातो, कीड शांतपणे खाली जाते आणि मग एका रात्री गाल सुजतो. तात्पुरतं भरलं असेल तर घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला गोल करून ठेवा. आणि लवंग तेलाचा बोळा दाढेवर थोडा वेळ ठेवायला हरकत नाही, हिरडीवर सारखं लावलं तर हिरडी भाजते.

लहान मुलांसाठी एक औषधही आहे, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. किडीवर थेंबभर लावलं की कीड थांबते, सुई नाही, मशीन नाही. मात्र किडलेला भाग कायमचा काळा होतो. पुढच्या दुधाच्या दाताला लावलं तर आजी-आजोबा नाराज होतात, म्हणून आधी सांगून लावावं लागतं. दुधाची दाढ फारच खाल्ली गेली असेल तर तिच्यावर स्टीलची तयार टोपी बसवतात, ती मसाल्यापेक्षा जास्त टिकते.

कुठे जायचं, काय विचारायचं

मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, इथे दाढा खासगीपेक्षा फार कमी पैशांत भरून मिळतात. खासगी दंत महाविद्यालयांच्या ओपीडीतही दर कमी असतात. काम विद्यार्थी करतात, वर शिकवणारे डॉक्टर तपासतात. वेळ लागतो. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो, एका दिवसात होईलच असं नाही. खाड्याचा हिशोब धरूनच जा. पण त्या संथपणाचा एक फायदाही आहे : लाईटचं फिलिंग घाईत करायची तिथे मुभा नसते.

कुठेही गेलात तरी डॉक्टरांना विचारा की कीड नसेपासून किती लांब आहे, एक्स-रे काढला का, कोणता मसाला आणि या दाढेला तोच का, आणि पडला तर पुन्हा भरायचे पैसे लागतील का. मसाल्याचं नाव केसपेपरवर लिहून घ्या, पुढच्या डॉक्टरला उपयोगी पडतं. रस्त्याच्या कडेला पेटी मांडून बसणाऱ्याकडे दात भरू किंवा बसवू नका. शेजारच्या दातांना चिकटवून टाकलेला तो दात काढता येत नाही, त्याखाली घाण साठते आणि शेजारचे चांगले दातही जातात. दातांच्या डॉक्टरची नोंद राज्य दंत परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो.

भरून आल्यावर चांदी असेल तर एक दिवस त्या बाजूने चावू नका, सिमेंटलाही तो दिवस जपा. लाईटचं लगेच घट्ट झालेलं असतं, पण सुई दिली असेल तर बधिरपणा उतरेपर्यंत मुलांना खायला देऊ नका, ओठ चावून जखम करून घेतात. दोन-चार दिवस गार लागेल, ते चालतं. दात मिटताना भराव आधी लागत असेल तर ‘सवय होईल’ म्हणून थांबू नका, परत जा, घासून देतात. त्याचे पैसे लागू नयेत.

ताईंच्या मुलीचा एक्स-रे काढला. कीड खोल होती, नस वाचलेली होती, दाढेच्या चारही भिंती उभ्या होत्या. चिठ्ठीच्या मागे मी लिहून दिलं : खाली सिमेंट, वर कॉम्पोझिट, आणि शेजारी दंत महाविद्यालयाचा पत्ता. दोन खेपा झाल्या, दोन खाडे पडले. पैसे चिठ्ठीवरच्या वरच्या आकड्याहूनही कमी लागले. उजवीकडच्या दाढेत नुसती काळी खाच होती, ती सिमेंटने बुजवून घेतली.

दाखवायला आल्या तेव्हा मुलगी बाहेर बाकावर बसली होती. ताई जरा घुटमळल्या, मग पदर बाजूला करून म्हणाल्या, “माझंबी बघा की जरा. गार पाणी पिताच येत नाही.” वरच्या तीन दातांच्या मानेला खाचा होत्या, मशेरीच्या. तिन्ही सिमेंटने भरल्या. मशेरीचं विचारलं तर हसून म्हणाल्या, “बघू.” पुढच्या महिन्यात बोलावलं आहे.